मकरंदची डावी बाजू

९ जून
ठाण्याला जाऊन आलो. ऑपरेशन गुरुवारी. गालातली गाठ जबड्यापर्यंत गेलीय, डावीकडचं हाड काढावं लागणार. डॉक्टर समजावत होते आणि मी मकरंदच्या हनुवटीकडे बघत बसलेले. रिक्षात तो एकदम म्हणाला, "तुझा तो चित्रांचा क्लास कधी कामाला येणार? माझं काढ. आहे तसं."
म्हटलं, फोटो आहेत की ढीगभर, आपल्या लग्नापासूनचे.
"फोटोत मी नुसता हसतो गं."

११ जून
गॅलरीच्या दारात बसवलं. पेन्सिलने डोळे जमले, नाक बरं. जबड्यापाशी आले की हात थांबतो. खोडून खोडून कागद मेणचटला. मग नवा कागद, चारकोल. तोवर म. बसल्या बसल्या झोपलेला. झोपलेलाच काढला. उठून बघितलं त्याने बराच वेळ.
"बरा होतो की मी."
‘होतो’ म्हणाला, ‘आहे’ नाही.

२७ जून
घरी आणलं, डोंबिवलीला. पेज, सूप, औषधं. बोललेलं कळत नाही, मोबाईलवर टाईप करून दाखवतो. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकलाय. बेल वाजली की मास्क. आता माझ्यासमोरही मास्क. जेवताना पाठ करून बसतो.
आधीचं चित्र त्याने कपाटावर पालथं ठेवलंय.

१२ जुलै
कळव्याला क्लासला गेले, त्यानेच ढकललं. सरांनी समोर प्लॅस्टरचं डोकं ठेवलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या. अर्ध्यातच उठून आले.

२१ जुलै
दुपारी म. ने स्वतःच खुर्ची गॅलरीत ओढली. मास्क काढला. उजेडात पहिल्यांदा नीट बघितलं मी. हनुवटी डावीकडे ओढली गेलीय, ओठ त्या बाजूला लोंबतो, कानाखालून व्रण.
"काढ." हा शब्द स्पष्ट आला.
काढलं. त्याने कागद हातात घेतला, नुसती नकारार्थी मान हलवली. माझ्याकडून रबर घेतलं आणि डावा गाल पुसून टाकला. मी तो भरून काढला होता, पहिल्यासारखा. काढताना कळलंसुद्धा नाही मला.
"हा मी नाही. परत."
मला बघवत नाही रे, म्हटलं. निघून गेलं तोंडातून.
तुटक तुटक बोलला, दोनदा विचारावं लागलं. "मला पण नाही. आधी तू बघ. मग मी बघेन."

२२ जुलै
सोमवारपासून रेडिएशन. गाठीचं अजून कोणी छातीठोक काही सांगत नाही.
सकाळी परत बसलो. व्रण, खड्डा, ओढलेला ओठ, सगळं काढलं. बोटं काळी, पदर काळा. कागद दिला तर न बघता मांडीवर पालथा ठेवला, चहा मागितला. चहा घेऊन आले तेव्हा कागद सुलटा होता. म. बाहेर बघत होता.
चहा निवला. मग म्हणाला,
"कानाखाली अजून काळं पाहिजे."