चौथा चरण

ता. ४ जून

चि. मोजणीबाईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगशाळेतून सुखरूप घरी पोहोचलो. निरोगी माणसांचे डोळे हवेत म्हणून मामाला बोलावलंस, त्याची हनुवटी यंत्रावर टेकवलीस आणि बोलायचं नाही म्हणालीस. तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याला! मी एक श्लोक पुटपुटलो, तर फोटो हलला म्हणून मला बाद केलंस. आयुष्यात पहिल्यांदा नापास झालो, तेही भाचीकडून.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झाडासारख्या फुटत जातात, फांदीला फांदी, तिलाही फांदी, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर चौकोनांची जाळी टाकून, फांद्या किती चौकोनांत येतात ते मोजून तू एक आकडा काढतेस, एवढं कळलं. आमचंही तेच. धातूतून शब्द, शब्दातून शब्द. फक्त आमच्यात कुणी चौकोन मोजत बसत नाही.

मामी म्हणते, माझ्या डाव्या हातातून हल्ली कप निसटतात. मी म्हणतो, कपच निसरडे. लोभ आहेच, तो तेवढा मोजू नकोस.

तुझा मामा

ता. १३ जून

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही थट्टेवारी नेता, म्हणून लिहिते. चूक माझी आहे. तुमचा फोटो हललेला नव्हता. आकडा इतका कमी आला की मी फोटोलाच दोष दिला. तुम्ही पुटपुटत होतात, ते मला सोयीचं पडलं.

आज तुमचा दोन वर्षांपूर्वीचा, चष्म्याच्या वेळचा फोटो शेजारी ठेवला. दोन्हींवर चौकोनांची जाळी टाकली, चौकोन लहान करत गेले, पुन्हा पुन्हा मोजले. मोठ्या वाहिन्या जागच्या जागी आहेत. बारीक फांद्या कितीतरी गेल्या आहेत. मेंदूतही असंच चाललं असेल, अशी आमच्या डॉक्टरबाईंना भीती वाटते. कपांचं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच.

रक्तदाब आजच तपासा आणि निघून या. उत्तरपत्रिकांची सबब नको. हे पत्र मामीला दाखवा. दाखवलं नाहीत तर मला कळेल. लोभ ठेवाच, पण आधी गाडी पकडा.

तुमची भाची

ता. १६ जून

चि. मोजणीबाईस आशीर्वाद.

पत्र मामीला दाखवलं. आता घरात एक डॉक्टर झाली आहे. रक्तदाब चढलेला निघाला, पण तो तिच्या चेहऱ्याकडे बघून चढला असणार. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. चाळीसच उत्तरपत्रिका राहिल्यात.

तुझ्या फांद्यांवरून एक श्लोक आठवला. तीन चरण आले. चौथा चरण मघापासून दारात उभा आहे, आत येत नाही. पाठ आहे गं मला तो. शिकवलाय मी. तीन चरण आले. चौथा चरण मघापासून दारात

(याच कागदावर, खाली मामीच्या अक्षरात)

बाळ, उद्याची वाट बघत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीने आत्ताच निघतोय. मघाशी फोनवर मला धड सांगता आलं नाही. पाकिटावर नाव घालायला त्यांनी पेन उचललं आणि मला विचारलं, कोणाचं.

पत्र हातातच आणतेय. तुमच्या डॉक्टरबाई विचारतील, कधी सुरू झालं. साडेदहाला मी चहा ठेवला तेव्हा ते उत्तरपत्रिकांचं वाक्य लिहीत होते, अक्षर सरळ होतं. त्याखालच्या ओळी उतरत गेल्यात. तिथे मी रेघ मारली आहे.