विरोधकाची खुर्ची

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय दादा,
सप्रेम सलाम.

ज्याला देवच नको आहे, त्याच्यासाठी देवाकडे मागायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मागच्या महिन्यात फोनवर तू हे विचारलंस आणि वर म्हणालास, "बोल बॅरिस्टर, तू तर पदवी घेतली आहेस!" घरातली पहिली पदवी खरी, पण तेव्हा उत्तर आलं नाही आणि आजही येत नाही.

आम्ही बरे आहोत. पपांच्या दुकानाला शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय, त्यामुळे घरभर निळ्या कापडाचे कपटे. परवा भातातसुद्धा एक सापडला. पपांनी चष्मा बदलला. त्यात ते थेट मुख्याध्यापक दिसतात आणि ओरडतातही तसेच. माझी शाळेतली नोकरी अजून कायम नाही, पण मुलं आता मला घाबरत नाहीत. ही प्रगती की अधोगती, ते तू ठरव.

बुधवारची प्रार्थनासभा आपल्याकडेच भरते. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याची खुर्ची मध्ये रिकामी ठेवायची, ही पद्धत तशीच आहे. आधी आजाऱ्यांची, मग परगावी असलेल्यांची, आणि सगळ्यात शेवटी देवाच्या विरोधात गेलेल्यांची. आईला माती दिली त्या दिवशी तू सगळ्या मंडळीसमोर पाळकसाहेबांना म्हणालास, "ही देवाची इच्छा असेल, तर त्याची इच्छा वाईट आहे," आणि चालता झालास. तेव्हापासून दोन वर्षं ती शेवटची खुर्ची तुझीच. खुर्चीसुद्धा तुझ्या अभ्यासाचीच, मागच्या पायाला तू लोखंडी पट्टी ठोकलेली.

तुझ्यासाठी प्रार्थना बहुतेक वेळा मीच करते. कंपाउंडरकाकू म्हणतात, "शिकलेली आहे, करू दे. पोरगी देवालासुद्धा मुद्दे काढून देते." मी मागायचे, प्रभू, त्याचा गर्व मोड, त्याचं कठीण मन वितळव. आवाज अगदी गोड असायचा माझा. पपा मात्र तुझी पाळी आली की डोळे मिटून गप्प बसायचे. दोन वर्षांत त्यांनी तुझ्यासाठी एक शब्द मोठ्याने काढला नाही. मला वाटायचं, राग अजून गेला नाही.

तू फोनवर शेवटी जे म्हणालास, ते मी त्यांना सांगितलं: "त्या खुर्चीत मला बसवणं बंद होईल, तेव्हाच मी घरी येईन." ते काजं करत होते. दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "बरं." बस, एवढंच.

आता कालचं सांगते. सगळं पत्र मी त्याच्याभोवतीच घुटमळते आहे.

काल तुझी पाळी आली आणि माझ्याआधी पपाच बोलले. म्हणाले, "देवा, पोरगा लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करतो. त्याचे हात सांभाळ. घाईत जेवत असेल, तेवढं बघ." थांबले. आम्हाला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "तो तुझ्यावर चिडलाय म्हणून ही मंडळी त्याच्यासाठी रदबदली करतात. पण चिडलोय तर मीही. तो तोंडावर बोलला, मी बोललो नाही, एवढाच फरक. तिला न्यायला नको होतंस. मी रोज तुझ्या पाया पडतो आणि रोज हेच म्हणतो."

आणि उठून तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. पट्टी कुरकुरली.

कंपाउंडरकाकूंना गप्प बसवत नाही, तुला माहीत आहे. "अहो, विरोधकासाठी प्रार्थना करायची असते, विरोधक व्हायचं नसतं!"

पपा म्हणाले, "काकू, भांडायला तरी मी त्याच्याच दारात जातो ना? मग विरोधक कसला?"

पाळकसाहेबच आधी "आमेन" म्हणाले. काकूही म्हणाल्या, जरा उशिरा. त्यांनी पपांना पाणी आणून दिलं आणि रिकामा पेला हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

वैऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं प्रभूने सांगितलंय आणि मी ते मनापासून मानते. पण प्रार्थनेच्या सोयीसाठी आपण आधी एखाद्याला वैरी ठरवतो, हे इतके बुधवार माझ्या ध्यानातच आलं नाही. तू दार आपटून गेलास, आणि आम्ही आतून कडी लावून तुझ्या येण्यासाठी प्रार्थना करत बसलो. तुझ्यासाठी मागणं मी थांबवणार नाही, दादा. ते माझ्याच्याने होणार नाही. पण यापुढे पपांसारखं मागेन. हात सांभाळ, जेवू दे. बाकीचं तुझं आणि त्याचं भांडण. त्यात बॅरिस्टरचं काम नाही.

आज सकाळी पपांना म्हटलं, "ती खुर्ची मी नेते." कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. कैची खाली ठेवली, पट्टीचा सैल झालेला स्क्रू पिळून घट्ट केला, आसन फडक्याने पुसलं आणि दुकान उघडायला गेले.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद, याला काय म्हणावं! तीन मजले खुर्ची डोक्यावर घेऊन चढले. तुझ्या शेजारच्या आजी विचारत होत्या, "नवीन भाडेकरू का गं?" मी म्हटलं, "नाही, जुनाच आहे." तू कामावर, दाराला कुलूप. म्हणून हे पत्र तुझ्या दारासमोर, याच खुर्चीत बसून लिहिते आहे. लिहून झालं की आसनावर ठेवून वर तुझी पायपुसणी दाबून जाईन.

पुढच्या बुधवारी आपल्या घरात तुझी रिकामी खुर्ची नसेल. सभा सातला संपते, आठला आम्ही जेवतो. येणार असशील तर बसायला हीच घेऊन ये, आमच्याकडे आता एक कमी आहे.

तुझी,
जिला उत्तर आलं नाही ती
बॅरिस्टर