गटाबाहेरून

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

"नियम मी केलेत, मग ते मला कशाला लागू?" लहानपणी लपंडावात बोटांच्या फटीतून बघताना पकडली गेलीस, तेव्हा तू हे ठणकावून म्हणाली होतीस. आम्ही पोट धरून हसलो होतो. आज सकाळी यांचं अंग पुसताना ते आठवलं, हसू मात्र आलं नाही.

इकडे आम्ही बरे आहोत. यांच्या डाव्या हाताची बोटं आता थोडी मिटतात. लेकीला परीक्षेची काळजी, मला लेकीची. तुझी पाठ कशी आहे? फोनवर गटाचं काम करताना पाठीला उशी घेत जा.

खरं तर गटाबद्दलच लिहायचंय. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं घरी करणाऱ्या आम्ही शेकडो बायका, आणि त्या सगळ्यांना सांभाळणारी तू एकटी. तुझे कष्ट मी पाहिलेत गं. पण शिंपीणबाईंना गटातून काढलंस, ते चुकलंच. सासूसाठी शिवलेल्या, मागून उघडणाऱ्या गाऊनचं माप त्यांनी सगळ्यांना फुकट दिलं. तू म्हणालीस, जाहिरात. आणि तुझी मैत्रीण रोज तिच्या दुकानातल्या गाद्यांचे फोटो टाकते, ते काय सुविचार?

त्यांना काढताना त्यांचं जुनं लिखाणही तू पुसून टाकलंस. परवा यांच्या कमरेवर लाल डाग दिसला. अशा डागाचं काय करायचं, ते शिंपीणबाईंनी लिहिलेलं होतं. फोनमध्ये शोधत बसले, काही नाही. मग आपलं तेल लावून चोळलं. नर्स म्हणाली, "अहो, चोळलंत कशाला?" आता तिथली कातडी गेली आहे.

वर 'बरे आहोत' लिहिलं, ते सवयीनं.

मी गटात एवढंच विचारलं होतं, "ताई, त्यांचं काय चुकलं?" दोघीतिघी म्हणाल्या, "आम्हालाही कळू दे." पुढचं मला वाचताच आलं नाही. माझं नाव काढताना जराशी थांबलीस का गं?

फोन केला, तर भाऊजींनी उचलला. "ती कामात आहे. तू पण ना, घरातलं घरात विचारायचंस!" मला काढलं, ते मात्र सगळ्यांदेखत.

मला परत घेऊ नकोस. शिंपीणबाईंना घे, त्यांचा नंबरही तुझ्याचकडे आहे. आणि गटात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावानं लिही की चूक माझी होती, यापुढे कुणाला काढायचं ते मी एकटी ठरवणार नाही.

तू नाहीच म्हणशील. तरी मागते आहे. लिहिशील?

तुझीच,
धाकटी