गाभाऱ्याबाहेरचा पंप

अहो,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात वळला नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं तरी माझा राग उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आज लिहायला बसले ती मंदिराच्या कमिटीमुळं. तुमच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स छापून आणलाय. सोवळ्यातला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत 'शेवटच्या श्वासापर्यंत सोवळं पाळणारे पुजारी'. कमिटीचे तात्या म्हणाले, "वैनी, बघा की! लय भारी झालंय ना?" मी मनातलं बोलले असते तर तात्यांनी फ्लेक्स तिथंच टाकून पळ काढला असता!

तुम्हाला कायम वाटायचं, दुखणं काळजाचंच आहे. पाय सुजायचे, छाती धडधडायची. दमेकरी म्हणवून घ्यायची लाज, आणि काळजाचं दुखणं म्हणजे कसं मानाचं! परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरून समजावलं होतं. "काका, फुप्फुसं फुगून बसलीत. जुनी हवा आतच कोंडलीय. काळीज त्यात दबायलंय. त्याला रक्त भरून घ्यायलाच जागा न्हाई, मग ते पुढं ढकलणार काय?"

त्यावर तुम्ही म्हणता कसे, "म्हंजी काळीज चांगलं हाय नव्हं? मग झालं!"

झालं काय, कपाळ?

पण बाईंनी दिलेला तो तोंडात धरून औषध ओढायचा दम्याचा पंप घ्यायला लागलात आणि फरक पडला, हे तरी कबूल कराल ना? सकाळ-संध्याकाळ ओढायचा, मग चूळ भरायची, एवढंच तर होतं. पुढच्या खेपेला बाईंनी परत काळजाची सोनोग्राफी केली आणि हसून म्हणाल्या, "हवा निघाली तशी जागा झाली बघा. काळीज आता पहिल्यापेक्षा जास्त भरायलंय."

त्या दिवसांत तुम्ही ताडकळसच्या बाजारात पिशवी स्वतः उचललीत. कुठं टेकला नाहीत. उलट मलाच ओरडलात, "चाल की लवकर, वांगी संपतील!" चारचौघांत ओरडलात आणि मला इतका आनंद झाला की बाजारातच डोळे भरून आले. तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता.

मग श्रावण लागला आणि तुमचं शहाणपण जागं झालं.

"पंप तोंडाला लावायचा म्हंजी उष्टं. उष्ट्या तोंडानं पिंडीवर मंत्र म्हणू का?"

बाईंनी काळजासाठी दिलेली गोळी रात्री गिळायची, म्हणून ती चालली. सकाळचा पंप तेवढा विटाळला! अभिषेक संपायला दुपार व्हायची, सोमवारी तर दिवस कलायचा. बंद गाभारा, धूप, माणसांची दाटी. मी म्हटलं, चूळ भरायला तर बाईंनीच सांगितलंय. आयुष्यभर बिडी ओढलीत, चूळ भरलीत की सोवळं जागेवर यायचं. मग पंपानंच काय पाप केलं होतं? तर म्हणालात, "तुला न्हाई कळायचं." बरोबर आहे. मला अजूनही कळलेलं नाही.

शेवटच्या सोमवारी तुम्ही पिंडीजवळ भिंतीला टेकून बसलात. खांदे वरखाली होत होते, ओठ निळे पडत होते. आणि लोक म्हणत होते, "महाराजांचं ध्यान लागलंय!" मी पंप घेऊन उंबऱ्याशी आले, तर तुम्ही हात वर केलात. आत येऊ नको म्हणून! बायकोला थांबवायला तेवढा जीव होता अंगात. माणसांनी उचलून जीपमध्ये घातलं, पण परभणीपर्यंत तुमचा श्वास पुरला नाही.

देवानं मागितलं होतं का हे? एकदा तरी?

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण आता पूजा धाकट्या भावजींकडं आलीय, आणि त्यांची छातीही तुमच्यासारखीच फुगलीय. त्याच बाईंनी त्यांनाही पंप दिलाय. काल पहाटे तो ओसरीवर तसाच पडलेला. विचारलं, तर जिना चढल्यासारखे धापा टाकत म्हणाले, "वैनी, दादानं मरेपस्तोर पाळलं. मी मोडू व्हय?"

ऐकलंत? मरूनसुद्धा तुम्ही दुसऱ्याच्या छातीवर बसायलात! आणि तो फ्लेक्स रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार.

नाही राहणार. तात्यांना निरोप धाडलाय, फोटो लावा, ती ओळ कापा. नाही कापली तर मीच विळी घेऊन येते.

आणि तुम्हाला शब्द देते. गाभाऱ्याची किल्ली अजून माझ्या कमरेला आहे. उद्यापासून भावजी माझ्यासमोर पंप ओढतील, चूळ भरतील, तेव्हाच कुलूप निघेल. गावानं काय बोलायचं ते बोलावं. पूजेला उशीर झाला तर होऊ दे. महादेव थांबेल; त्याला कुठं श्वास घ्यावा लागतो!

तुमच्यावर रागावलेली, आणि तरी तुमचीच,
सुमन