माझ्या अक्षराला हात लागत नाही

३ फेब्रुवारी
तांब्या बदलला! परवापर्यंत काठ बाहेर वळलेला होता, आज सरळ. आधी कढई, मग डबा, आता हा. चोर असता तर तांब्या घेऊन गेला असता, जागेवर दुसरा कशाला ठेवेल? भुतांचंच काम. औरंगपुऱ्यात दुकानाच्या पायरीवर बसून तीस वर्षं भांड्यांवर नावं घातली मी. निम्म्या शहराचं रुखवत या हातांखालून गेलंय. मला कुणी काठ शिकवू नये.

करुणाला सांगितलं. “आपण भुताखेताला मानत नाय. विहारात काय तोंड दाखवायचं?” – बायको बोलते ते बरोबर आहे. मीही जन्मभर मानलं नाही. पण भुतांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

४ फेब्रुवारी
सांडशी बदलली.

६ फेब्रुवारी
सापडलं! तांब्या पालथा करून पाहिला. बुडाला “करुणा”, माझंच अक्षर. ‘रु’ची शेपूट मी लांब काढतो, अख्ख्या बाजारात तशी कुणी काढत नाही. म्हणजे भुतं आकार बदलतात, पण माझ्या अक्षराला त्यांचा हात लागत नाही. तांब्या आपलाच, नुसतं सोंग दुसरं. लई बरं वाटलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

८ फेब्रुवारी
माळ्यावरून नावं घालायचं मशीन काढलं. अजून टर्रर्र वाजतं! चमचे, झारे, कुकर, दाराची कडी – दिसेल त्यावर नाव.
“अहो, कुलपावर बी?”
कुलपावर तर आधी!

११ फेब्रुवारी
धम्मपाल आला होता. “बाबा, डोळे तपासून घेऊ.” पोराच्या समोर सुई ओवून दाखवली, पहिल्याच फटक्यात! जाताना दारात आईशी बराच वेळ कुजबुज. “मेंदूचे डॉक्टर” एवढं ऐकू आलं. खुशाल दाखवा. त्यांच्याही स्टीलच्या ट्रेवर नाव घालून येईन.

१५ फेब्रुवारी
करुणानं आज हातातलं घड्याळ काढून दिलं. अंगणवाडीतून रिटायर झाली तेव्हा बायांनी दिलेलं. म्हणे, “ह्याच्या पाठीमागं माझं नाव घाला.”
मी हसलो. तुला कोण बदलतंय?
“बदललं तर? मला दारातच उभं करताल तुम्ही.”
तिच्या डोळ्यांत पाणी! बाई उगाच घाबरते. चाळीस वर्षांचा संसार, मी ओळखणार नाही होय? पण तिचं रडणं मला सहन होत नाही, म्हणून घातलं. जागा एवढीशी, तरी शेपूट सोडली नाही.

२ मार्च
कुकर, झारे, सगळंच बदललंय. एकेक पालथं करून पाहिलं. सगळं आपलंच. भुतं दमतील, मी नाही!

१९ मार्च
सकाळी स्वयंपाकघरातून एक बाई चहा घेऊन आली. कधी पाहिलेली नाही. विचारलं, कोण पाहिजे? तिनं चहा खाली ठेवला, मनगटावरचं घड्याळ काढलं, पालथं करून माझ्यापुढं धरलं.

शेपूट लांब. माझंच अक्षर.

म्हटलं, ये करुणा, बस इथं.