गुडघा माझा, पट्टा हुसेनबीचा

६ मे
प्लास्टर निघालं. गुडघ्याची वाटी सांधलीय म्हणतात, पण पाय लाकडासारखा. यासीन पुण्याहून आला आणि घरात दोन वस्तू बसवून गेला. एक बोलणारी डबी, दुसरा गुडघ्याला बांधायचा पट्टा. पाय किती वाकला ते पट्टा डबीला सांगणार, डबी यासीनला आणि फिजिओच्या मयूरी मॅडमना. म्हणजे घरात खबऱ्या! मुलगा पोटचा, म्हणून खबऱ्या ठेवून घेतला.
ठराव: रोज दोन वेळा व्यायाम. बकरी ईदला ईदगाहवर खाली बसून, कपाळ जमिनीला टेकून सजदा करणार. खाली बसता न येणाऱ्यांच्या मागच्या खुर्च्यांच्या रांगेला मीच 'पंचायत समिती' नाव ठेवलंय. एसटीतून रिटायर झालेला अल्लाबक्ष तिचा सभापती. तिथं मी बसणार? छे.

८ मे
डबी म्हणाली, चाचा, व्यायामाची वेळ झाली. चाचा म्हणायला हिला कुणी शिकवलं? घरापुढच्या गादीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं तेव्हा डबीला ऐकू जाऊ नये म्हणून कापसाचा भाव मी त्याच्या कानात सांगितला. डबीवर उशी दाबली. जन्मभर गाद्या भरल्या, आवाज कसा कोंडायचा मला कळतं. उशीखालून म्हणाली, चाचा, व्यायाम राहिला.
उद्यापासून नक्की.

११ मे
केला. ब्रह्मांड आठवलं. पट्ट्यात करंट असणार. मयूरी मॅडमना फोन केला. म्हणाल्या, काका, पट्टा नुसता मोजतो, दुखतोय तो तुमचा गुडघा. पढवून ठेवलेलं उत्तर वाटलं.

१३ मे
पट्टा खरा की खोटा, तपासायला बायकोच्या, हुसेनबीच्या पायाला बांधला. तिचेही गुडघे कुरकुरतात, नमाज पलंगावर बसूनच पढते. तरी बिचारीनं डबी सांगेल तसा पाय वाकवला. लगेच यासीनचा फोन, शाब्बास अब्बा!
तपासणी आणखी काही दिवस चालू ठेवावी.

२० मे
तपासणी चालू. ती व्यायाम करते, मी शेजारी चहा पीत चुका काढतो. म्हणाली, आवं, एवढं कळतंय तर तुमीच करा की. म्हटलं, आधी यंत्रावर विश्वास बसू दे.

२७ मे
डबी म्हणाली, चाचा, गुडघा झपाट्यानं सुधारतोय. मलाही आज पाय हलका वाटला. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार? उगाच संशय घेतला. उशी काढली. अल्लाबक्षला सांगून टाकलं, यंदा तुझ्या सभेला मी नाही. म्हणाला, बघू की गड्या.

३ जून
मयूरी मॅडम घरी आल्या. पाय वाकवायला गेल्या, मी ओरडलो. त्यांनी मोबाईल बघितला, परत पाय, परत मोबाईल. मग हुसेनबीकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून आत पळाली. मॅडम म्हणाल्या, काका, आजपासून मनापासून केलंत तर पाय वाकेल, पण या ईदला खुर्चीच.
डबी बिघडलेली आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो.

७ जून, ईद
पुढच्या रांगेत बसायला गेलो, निम्म्यातच अडकलो. दोघांनी काखेत धरून उचललं, थेट मागे. अल्लाबक्षनं खुर्ची धरून ठेवली होती, वर गादी. म्हणाला, या सदस्य! गादी तुझ्याच दुकानची हाय. लय टणक भरलीस रं.
घरी आलो तर हुसेनबी खाली जमिनीवर मुसल्ला अंथरून नमाज पढत होती. सजदा करून उठली, कशाचा आधार नाही की कण्हणं नाही.
पट्टा मागितला. म्हणाली, आठवडाभर थांबा, माझा कोर्स पुरा होऊ द्या.