वाट आपण द्यायची

दि. ८ जुलै

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा तिच्या नाही, स्वतःच्या मर्जीने चालतो. पत्र उघडल्यावर तुम्ही आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासाल, म्हणून दोनदा वाचून पाठवतेय.

आपल्या नौकानयन कॉलेजात तुमच्या जुन्या वर्गात आता सिम्युलेटर बसवलाय. खोलीतच सुकाणू, आणि भिंतभर पडद्यावर समुद्र. मला मात्र तिथे उभं राहिलं की आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी नऊ वर्षांची, फरशी म्हणजे समुद्र, तुमची चप्पल एक जहाज, माझी दुसरं.

"आडवं येणारं जहाज उजवीकडे दिसलं, तर वाट कोणी द्यायची?"

"आपण."

"मोठ्याने."

आई ओरडायची, भावजी, चपला बाहेर न्या. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, वाहतूक अडवू नका."

पुढे परदेशात दोन वर्षं मी जहाज चालवायला शिकवायचं कसं ते शिकले. त्या जोरावर ही प्राचार्यपदाची खुर्ची मिळाली. आणि पहिल्याच बैठकीत, सगळ्या शिक्षकांसमोर, तुमच्याकडे न बघता मी म्हणाले, "पाठांतर म्हणजे शिक्षण नव्हे." तुम्ही चष्मा पुसलात. महिन्याभरात राजीनामा दिलात.

एक गोष्ट मी तेव्हा लपवली. परदेशातल्या शेवटच्या परीक्षेत पडद्यावर तीन जहाजं एकदम आली आणि मला काही म्हणजे काही सुचेना. तेवढ्यात तोंडातून चक्क मराठीत, तुमच्याच चालीवर निघालं, "उजवीकडे दिसलं, वाट आपण द्यायची." सुकाणूवरचा हात आपोआप फिरला. परीक्षकांनी विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी शेरा दिला, 'स्वतंत्र विचारशक्ती उत्तम'. तोच कागद दाखवून मी तुम्हाला जुनाट ठरवलं, काका. लाज वाटते.

तिकडचं शिक्षण वाया गेलं असं नाही. प्रश्न विचारायला मी तिथेच शिकले, मुलांनाही शिकवते. पण परवा माझ्या चार विद्यार्थ्यांनी वाट कोणी द्यायची यावर फार सुंदर चर्चा केली, आणि ती संपायच्या आत पडद्यावर टक्कर झाली.

सोमवारी साडेदहाला पहिल्या वर्षाचा तास आहे. तो तुम्ही घ्यावा. नाही आलात, तरी त्या दिवशी सगळ्या शिक्षकांना बोलावून मी त्या शेऱ्याची खरी हकीकत सांगणार आहे. अपमान चारचौघांत केला होता, माफी बंद पाकिटातून मागून कसं चालेल?

चार वर्षं उशिरा,
तुमची पुतणी